मम्रेच्या झाडाखालचे पाहुणे आणि साराचे हसू

दुपारचे ऊन चढले आहे आणि अब्राहाम आपल्या तंबूच्या दाराशी बसला आहे, अशा दृश्याने उत्पत्ती या बायबलमधील पहिल्या पुस्तकाचा १८ वा अध्याय सुरू होतो. ठिकाण हेब्रोनजवळचे मम्रे, जेथे एलोन वृक्षांची, म्हणजे ओकसारख्या मोठ्या झाडांची, राई आहे. अब्राहामाचे वय ९९ वर्षे. आधीच्याच अध्यायात त्याची सुंता झाल्याचे सांगितलेले असल्यामुळे, तो या वेळी दुखण्यातून पुरता उठलेलाही नव्हता, असे यहुदी परंपरा मानते. तो नजर वर करतो, तर समोर तीन पुरुष उभे असतात. ते कोण, कुठले, कशासाठी आले, यांपैकी एकही प्रश्न तो विचारत नाही. तो धावत सामोरा जातो, भुईपर्यंत लवून नमस्कार करतो आणि विनवतो की, थोडे पाणी आणवतो, पाय धुवा, या झाडाखाली टेका, मी भाकरीचा तुकडा घेऊन येतो, तेवढा पोटाला आधार झाला की मग खुशाल पुढे जा.

प्रत्यक्षात जे वाढले गेले ते भाकरीच्या तुकड्यापेक्षा पुष्कळच अधिक होते. तो लगबगीने तंबूत जाऊन साराला तीन मापे सपीठ मळायला सांगतो. मूळ हिब्रूतले हे माप ‘सेआ’ असून तीन सेआ म्हणजे आजच्या हिशोबाने सुमारे २० लिटर मापाचे पीठ होते, आणि खाणारे तर तिघेच. मग तो स्वतः गुरांकडे धावतो, एक कोवळे, चांगले वासरू निवडून चाकराच्या हवाली करतो, दही आणि दूध आणतो, सगळे पाहुण्यांपुढे मांडतो आणि ते जेवत असताना त्यांच्याजवळ झाडाखाली उभा राहतो. शंभरीला टेकलेला, मोठ्या कळपांचा धनी असलेला माणूस वाढप्यासारखा उभा आहे, ही गोष्ट निवेदकाने मुद्दाम नोंदवली आहे. हा निवेदक एरवी शब्दांच्या बाबतीत अतिशय हात राखून आहे. १६ व्या अध्यायाच्या शेवटी अब्राहाम ८६ वर्षांचा आहे आणि १७ व्याच्या पहिल्याच ओळीत ९९ वर्षांचा. मधल्या तेरा वर्षांवर त्याने एक अक्षरही खर्च केलेले नाही. तोच निवेदक एका दुपारच्या जेवणाचे पीठ मोजतो, वासराचा कोवळेपणा सांगतो आणि यजमान किती वेळा धावला तेही लिहितो, तेव्हा त्याला या जेवणाचे महत्त्व वाटत होते हे उघड आहे.

हे महत्त्व कळण्यासाठी त्या प्रदेशातला प्रवास कसा होता ते लक्षात घ्यावे लागते. कोरड्या, विरळ वस्तीच्या मुलखात पाण्याची ठिकाणे दूर दूर असत आणि प्रवाशाच्या राहण्याखाण्याची दुसरी सोय नसे. वाटसरूला कोणी तंबूत घेतले नाही तर त्याच्या जिवावर बेतण्याची शक्यता होती. दुसऱ्या बाजूने, अनोळखी माणसाला जवळ करणे ही यजमानासाठीही जोखीमच होती, कारण आलेला माणूस हेर असू शकत होता, लुटारू असू शकत होता. म्हणून पाहुणचार म्हणजे केवळ खाऊपिऊ घालणे नव्हते. पाय धुवायला पाणी दिले आणि अन्न पुढे ठेवले की परका माणूस त्या घराच्या संरक्षणाखाली आला असे समजले जाई, आणि त्याच्या केसालाही धक्का लागू न देणे ही यजमानाची जबाबदारी ठरत असे. परका माणूस पाहुणा होतो तो या क्षणी. त्याची ओळख पटली म्हणून त्याला जेवायला घातले जात नाही. आधी जेवू घातले जाते आणि ओळख झालीच तर नंतर होते.

मम्रेचे हे पाहुणे कोण होते, हा प्रश्न वाटतो तितका सरळ नाही. अध्यायाच्या पहिल्या ओळीत ‘परमेश्वराने अब्राहामाला दर्शन दिले’ असे म्हटले आहे आणि दुसऱ्या ओळीत त्याला तीन पुरुष दिसतात. पुढे बोलणारा कधी ‘ते’ असतो, कधी ‘तो’ आणि कधी स्पष्टपणे परमेश्वर. अध्यायाच्या उत्तरार्धात ते पुरुष सदोम नगराकडे वळतात आणि अब्राहाम मात्र परमेश्वरासमोर उभा राहतो. १९ व्या अध्यायात सदोमाच्या वेशीत शिरताना ते ‘दोन देवदूत’ झालेले असतात. ख्रिस्ती परंपरेतील पुष्कळांनी या तिघांत त्रैक्याची, म्हणजे पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा या एकाच देवाची, खूण पाहिली, तर यहुदी भाष्यकारांनी तीन देवदूत, तिघांची तीन कामे, असा अर्थ लावला. या वादापेक्षा मला निवेदनातली एक साधी युक्ती अधिक महत्त्वाची वाटते. परमेश्वर आला आहे हे पहिल्या ओळीपासून वाचकाला ठाऊक आहे. अब्राहामाला ते ठाऊक असल्याची कोणतीही खूण सुरुवातीला नाही. त्याच्या दृष्टीने हे उन्हातून आलेले तीन दमलेले वाटसरू आहेत. यहुदी धर्मपंडितांच्या चर्चांचा संग्रह असलेल्या ताल्मूदमध्ये तर याहून धाडसी वाचन आहे. परमेश्वर दर्शन देत असतानाच अब्राहामाला वाटसरू दिसले आणि ‘आपल्या दासाला सोडून पुढे जाऊ नका’ हे वाक्य त्याने पाहुण्यांना नव्हे तर परमेश्वराला उद्देशून म्हटले, म्हणजे जरा थांबा, मी यांना जेवू घालून येतो, असे ते वाचन सांगते. यावरूनच वाटसरूंचे स्वागत करणे हे खुद्द देवाच्या सान्निध्यापेक्षाही थोर आहे असा निष्कर्ष तेथे काढलेला आहे.

जेवण झाल्यावर पाहुणे विचारतात, तुझी बायको सारा कोठे आहे? तंबूत आहे, असे अब्राहाम सांगतो. मग शब्द दिला जातो की, पुढच्या वर्षी याच सुमारास साराला मुलगा झालेला असेल.

येथे बहुतेक प्रवचनांतून एक सोपा निष्कर्ष काढला जातो, की अब्राहामाने अनोळखी लोकांचे आगतस्वागत केले आणि त्याचे फळ म्हणून देवाने त्याला मुलगा दिला. कथा नीट वाचली तर हे टिकत नाही. मुलाचे अभिवचन आदल्या अध्यायात, सारेचे नाव घेऊन आणि पुढच्या वर्षीची मुदत सांगून, आधीच दिलेले आहे. वासरू कापले नसते तर अभिवचन रद्द झाले असते असे कथेत कोठेही सुचवलेले नाही. पाहुणचार हा येथे सौदा नाही, आणि अब्राहामाला पाहुणे कोण आहेत हेच माहीत नसेल तर तो सौदा करणार तरी कोणाशी? मम्रेच्या भेटीत नवीन आहे ते एवढेच की, आजवर नवऱ्याच्या तोंडून किंवा त्याच्या वागण्यातून जे तिच्यापर्यंत पोहोचले असेल ते अभिवचन या वेळी साराच्या स्वतःच्या कानांवर पडते, कारण ती तंबूच्या दाराआड ऐकत उभी आहे.

या अभिवचनाचा इतिहास तोपर्यंत चोवीस वर्षांचा झालेला होता. अब्राहामाने हारान हे गाव सोडले तेव्हा तो ७५ वर्षांचा होता आणि ‘मी तुझे मोठे राष्ट्र करीन’ हे त्याला तेव्हाच सांगितले गेले होते. त्यानंतर काही होत नाही. १५ व्या अध्यायात तो देवाला तोंडावर म्हणतो की, मला मूलबाळ नाही आणि माझ्या घरात जन्मलेला चाकर माझा वारस होणार आहे. देव त्याला बाहेर नेऊन आकाशातले तारे मोजायला सांगतो, आणि पुढे ते सुप्रसिद्ध वाक्य येते, की त्याने परमेश्वरावर विश्वास ठेवला आणि देवाने तो त्याच्याकडे नीतिमत्त्व म्हणून मोजला. ख्रिस्ती प्रेषित पौलाने रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या ४ थ्या अध्यायातील सगळा युक्तिवाद याच वाक्यावर उभा केला आहे. मात्र या वाक्यानंतर दोनच ओळींत अब्राहाम विचारतो, ‘हा देश मला मिळेल हे मी कशावरून समजू?’ विश्वास ठेवणारा माणूस लगेच पुरावा मागतो आणि कथेला त्यात काही विसंगती वाटत नाही. पुढे सारा आपली मिसरी, म्हणजे इजिप्तची, दासी हागार त्याला देते, तिच्यापासून इश्माएल होतो. म्हणजे देवाच्या शब्दाला स्वतःच्या उपायांनी हातभार लावण्याचा प्रयत्नही होऊन जातो. ९९ व्या वर्षी पुन्हा तोच शब्द मिळाल्यावर अब्राहाम पालथा पडतो आणि हसतो, शंभर वर्षांच्या माणसाला कधी मूल होईल का, असे मनाशी म्हणतो. हे हसणे लोक विसरतात. साराचे तेवढे लक्षात ठेवतात.

‘विश्वास’ या शब्दाचा हिब्रूतला अर्थ येथे उपयोगी पडतो. तेथील क्रियापदाच्या धातूत पक्के असणे, भार पेलण्याइतके भक्कम असणे हा भाव आहे. ‘आमेन’ हा सर्वांना माहीत असलेला शब्द त्याच धातूचा. त्या अर्थाने विश्वास ठेवणे म्हणजे मनात शंका उरू न देणे नव्हे, तर ज्याच्याविषयी खात्री पुरी झालेली नाही त्याच्यावर आपला भार टाकणे होय. आणि ‘अभिवचन’ यासाठी जुन्या कराराच्या हिब्रूत वेगळा असा खास शब्दच नाही. आपण मराठीत ‘शब्द दिला’, ‘शब्द पाळला’ म्हणतो, तसेच तेथेही साध्या ‘शब्द’ या शब्दावर भागते. तो शब्द ‘दाबार’. याच दाबारचा दुसरा अर्थ ‘गोष्ट’ असाही होतो, त्यामुळे मम्रेच्या झाडाखाली पाहुणा जेव्हा विचारतो की, परमेश्वराला कोणती गोष्ट असाध्य आहे, तेव्हा त्याच प्रश्नात, परमेश्वराला कोणता शब्द पाळणे असाध्य आहे, असाही अर्थ ऐकू येतो.

तो प्रश्न विचारण्याची वेळ साराच्या हसण्याने येते. तिचे मासिक ऋतू थांबलेले आहेत हे कथेत आडपडदा न ठेवता सांगितले आहे. ती मनातल्या मनात हसते आणि म्हणते, मी जीर्ण झाल्यावर मला आता सुख मिळणार काय, आणि माझा धनीही म्हातारा झालेला. यात थट्टा आहे, कडवटपणा आहे आणि पुष्कळ वर्षांपूर्वी मिटवून टाकलेल्या इच्छेची आठवणही आहे. परमेश्वर अब्राहामाला विचारतो, ‘मी म्हातारी झाले असता मला खरोखर मूल होईल काय, असे म्हणून सारा का हसली?’ तिचे बोलणे सांगताना त्याने ‘माझा धनीही म्हातारा झालेला’ हा भाग गाळला आहे. यहुदी पंडितांच्या नजरेतून हे सुटले नाही; नवराबायकोत वितुष्ट येऊ नये म्हणून प्रत्यक्ष देवानेही शब्द थोडे बदलले, असे ताल्मूद सांगतो. मला या ठिकाणी नेहमी हसू येते, आणि या कथेत ते फारसे अनुचित नसावे. सारा घाबरून म्हणते, मी हसले नाही. उत्तर मिळते, नाही, तू हसलीसच. आणि तेथे प्रसंग संपतो. शिक्षा होत नाही, अभिवचन मागे घेतले जात नाही. उलट मुलाचे नावच इसहाक ठेवले जाते, ज्याचा अर्थ ‘तो हसतो’, आणि मूल मांडीवर आल्यावर सारा म्हणते की, देवाने मला हसवले आहे, जो कोणी हे ऐकेल तो माझ्यासह हसेल. इब्री लोकांस पत्र या नव्या करारातील पुस्तकात, विश्वासाने जगलेल्यांची लांबलचक यादी ११ व्या अध्यायात आहे. तिच्यात ही हसलेली सारा आहे.

इटलीतील रावेन्ना येथे, इसवी सन ५४७ मध्ये अर्पण झालेल्या सान व्हिताले चर्चच्या भिंतीवर या प्रसंगाचे मोझेक चित्र आहे. झाडाखाली मेजाशी तिघे तरुण बसले आहेत, समोर क्रूसाच्या खुणा केलेल्या तीन गोल भाकरी आहेत, अब्राहाम वासराचे ताट पुढे करतो आहे आणि डाव्या कडेला दारात सारा उभी आहे. त्याच चौकटीत उजवीकडे, काहीही मध्ये न ठेवता, इसहाकाला वेदीवर ठेवून अब्राहामाने सुरी उगारली आहे आणि आकाशातून देवाचा हात पुढे आला आहे. कलाकाराने जेवण आणि बलिदान शेजारी शेजारी का मांडले याचे एक उत्तर हे की, दोन्ही वेदीवरील विधीशी जोडलेले प्रसंग आहेत. परंतु मेजाशी बसून दिलेला शब्द आणि तोच शब्द परत मागणारी ती सुरी एकाच नजरेत दिसू लागली की, ‘देवाच्या वचनावर भरवसा ठेवा’ हे सहजपणे उच्चारलेले वाक्य घशात अडकते.

पाहुणचाराच्या कथाही बायबलमध्ये गोड राहत नाहीत. मम्रेच्या जेवणाच्याच दिवशी संध्याकाळी ते दोन देवदूत सदोमात पोहोचतात. वेशीत बसलेला अब्राहामाचा पुतण्या लोट त्यांना आग्रहाने घरी नेतो, बेखमीर भाकरी करून वाढतो आणि रात्री गावातले पुरुष घराला वेढा घालून पाहुण्यांना बाहेर काढ, आम्हाला त्यांचा उपभोग घ्यायचा आहे, म्हणून ओरडतात. लोट पाहुण्यांना वाचवण्यासाठी आपल्या मुली देऊ करतो. यजमानधर्माची ही मर्यादा भीषण आहे आणि तिचे समर्थन करण्याचा खटाटोप करू नये. शास्ते या पुस्तकाच्या १९ व्या अध्यायात गिबा येथे जवळपास हाच प्रसंग पुन्हा घडतो आणि तेथे वाचवायला देवदूत नसतात. एका स्त्रीचा त्यात रात्रभर छळ होऊन अंत होतो. सदोमाचे पाप म्हणजे नेमके काय, याचे उत्तर यहेज्केल संदेष्ट्याने आपल्या पुस्तकाच्या १६ व्या अध्यायात दिले आहे, ते असे की, गर्व, अन्नाची रेलचेल आणि निश्चिंत सुख असूनही त्या नगरीने गरीब व गरजवंतांना हात दिला नाही.

या दोन्ही कथांतला एक बारकावा मात्र सहसा कोणी सांगत नाही. सदोमात दार उघडणारा लोट हा तेथला रहिवासी नव्हे. ‘हा येथे उपरा म्हणून आला आणि आता आम्हालाच न्याय शिकवतो’ असे गावकरी त्याला ऐकवतात. गिबा हे बन्यामीन या इस्राएली वंशाच्या लोकांचे गाव होते, पण चौकात बसलेल्या वाटसरूला घरी नेणारा एकमेव म्हातारा एफ्राइमच्या डोंगराळ प्रदेशातून येऊन राहिलेला उपरा होता. मम्रेचा अब्राहामही कनान देशात परकाच. ज्यांची स्वतःची मुळे तेथे नाहीत, ते दार उघडतात. हा योगायोग नसावा असे मला वाटते, कारण पुढे मोशेने अब्राहामाच्या वंशजांना, म्हणजे इस्राएल लोकांना, दिलेल्या नियमशास्त्रात हीच गोष्ट कायद्याच्या भाषेत येते.

हिब्रूत अशा माणसाला ‘गेर’ म्हणतात, म्हणजे आपले कूळ आणि जमीन सोडून दुसऱ्यांच्या मुलखात राहणारा. मराठी बायबलमध्ये त्यासाठी ‘परदेशी’ आणि ‘उपरी’ हे शब्द येतात, आणि गावात राहूनही ज्याला जमिनीचा वारसाहक्क नाही अशा माणसासाठी जुन्या मराठीत ‘उपरी’ हाच शब्द असल्यामुळे तो येथे चपखल बसतो. नियमशास्त्र गेराविषयी इतक्या वेळा बजावते की ताल्मूदमधील एका मतानुसार ही संख्या ३६ भरते आणि दुसऱ्या मतानुसार ४६. त्यामागचे कारण जेथे दिले आहे तेथे बहुतेक वेळा तेच आहे, की तुम्हीही मिसर देशात परके होता. निर्गम या पुस्तकाच्या २३ व्या अध्यायात तर याहून नेमके म्हटले आहे, की परक्याचा जीव कसा असतो हे तुम्हाला ठाऊक आहे. येथे दयेला आवाहन केलेले नाही, आठवणीला केलेले आहे. आणि ही जबाबदारी केवळ भावनेवर सोडलेली नाही. लेवीय आणि अनुवाद या पुस्तकांतले नियम सांगतात की, शेताच्या कडा कापू नका, शेतात विसरलेली पेंढी आणायला परत जाऊ नका, द्राक्षमळा दुसऱ्यांदा वेचू नका. जे उरेल ते परका, अनाथ आणि विधवा यांचे. गेराला कोणाच्या दारात हात पसरून उभे राहायचे नाही, त्याचा वाटा शेतातच ठेवलेला आहे.

अभिवचन आणि पाहुणचार यांची गाठ जेथे सर्वांत घट्ट बसते ती ओळ लेवीयाच्या २५ व्या अध्यायात आहे. वचनदत्त देशात पोहोचल्यानंतर जमीन कायमची विकू नये, असा नियम देताना परमेश्वर कारण सांगतो, ‘जमीन माझी आहे, तुम्ही माझ्याजवळ परके आणि उपरी आहात.’ म्हणजे ज्या देशाचा शब्द अब्राहामाला दिला होता तो हाती आल्यावरही हे लोक मालक होत नाहीत, पाहुणेच राहतात, आणि यजमान देव असतो. पाहुण्याने दुसऱ्या पाहुण्याला ‘तू बाहेरचा’ म्हणण्यात काय अर्थ आहे, हा प्रश्न त्या एका ओळीने कायमचा उभा करून ठेवला आहे.

त्याच नियमशास्त्रात याच्या उलटही एक नियम आहे, तो लपवण्याचे कारण नाही. मिसरातून येणाऱ्या इस्राएल लोकांना अम्मोनी आणि मवाबी हे शेजारचे लोक भाकर व पाणी घेऊन सामोरे आले नाहीत, म्हणून त्यांना दहाव्या पिढीपर्यंत परमेश्वराच्या मंडळीत येऊ देऊ नये, असे अनुवादाच्या २३ व्या अध्यायात म्हटले आहे. आतिथ्य नाकारल्याची एवढी मोठी शिक्षा. आणि मग रूथचे पुस्तक येते, ज्याची नायिका मवाबी आहे, विधवा आहे, आणि सासूबरोबर बेथलेहेमात येऊन परक्यांसाठी सोडलेले धान्य वेचते. शेताचा धनी बवाज तिला जेवायला बसवतो, हुरडा देतो, आणि तू परमेश्वराच्या पंखांखाली आश्रयाला आली आहेस असे म्हणतो. पुढे तो तिच्याशी लग्न करतो आणि पुस्तकाच्या शेवटी कळते की दावीद राजा हा या मवाबी स्त्रीचा पणतू आहे. दहा पिढ्यांच्या बंदीच्या नियमाला बायबलने दिलेले हे उत्तर वाद न घालता दिलेले आहे.

हागारेची गोष्ट मात्र या सगळ्यात टोचत राहते. हिब्रू लिपीत स्वर लिहिले जात नसत, त्यामुळे ‘हागार’ हे नाव आणि ‘हा गेर’ म्हणजे ‘तो परका’ हे शब्द लिहिताना अगदी सारखे दिसतात. ज्या घराने तीन अनोळखी माणसांसाठी २० लिटर पीठ मळले आणि वासरू कापले, त्याच घरातून इसहाकाच्या जन्मानंतर या परक्या दासीला, तिच्या मुलासह, भाकर आणि पाण्याची एक कातडी पिशवी देऊन रानात घालवून दिले जाते. पाणी संपते, ती मुलाला झुडपाखाली ठेवून दूर जाऊन बसते, कारण त्याचे मरण तिला पाहवत नाही. तेथे तिला विहीर दाखवली जाते आणि इश्माएलाचेही मोठे राष्ट्र होईल असा शब्द मिळतो. त्याआधी एकदा, साराच्या जाचाला कंटाळून पळून गेली असता, तिने देवाला ‘मला पाहणारा देव’ असे नाव दिले होते. अभिवचन फक्त तंबूच्या आतल्यांसाठी असते असे समजणाऱ्यांनी हे दोन अध्याय वाचावेत.

अभिवचनावर भरवसा ठेवण्याची सर्वांत कठीण परीक्षा राजांच्या पहिल्या पुस्तकातील १७ व्या अध्यायात एका परदेशी विधवेपुढे येते. दुष्काळ पडला आहे. एलीया संदेष्टा सीदोन प्रांतातल्या सारफथ गावाच्या वेशीशी पोहोचतो, तेव्हा ती काटक्या गोळा करत असते. मडक्यात मूठभर पीठ, कुपीत थोडे तेल. या दोन काटक्या घेऊन जाईन, मला आणि मुलाला काहीतरी करीन, ते खाऊ आणि मरू, असे ती सांगते. एलीया म्हणतो, आधी माझ्यासाठी लहानशी भाकर करून आण, मग तुमच्यासाठी कर. पाऊस पडेपर्यंत मडक्यातले पीठ सरणार नाही आणि कुपीतले तेल आटणार नाही. अब्राहामाने भरल्या घरातून दिले, शब्द त्याला जेवणानंतर ऐकू आला. येथे शब्द आधी आला आहे, देणारीकडे एका जेवणापुरतेच आहे, आणि ते आधी अनोळखी माणसाच्या तोंडी जायचे आहे. तिने भाकर केली, एवढेच कथा सांगते. तिच्या मनात काय चालले होते ते नाही.

राजांच्या दुसऱ्या पुस्तकातली शूनेमची बाई याच्या दुसऱ्या टोकाला आहे. ती सधन आहे. येजा करणाऱ्या अलीशा संदेष्ट्यासाठी ती माडीवर खोली बांधून घेते आणि तिच्यात पलंग, मेज, आसन आणि दिवा ठेवते. तुझ्यासाठी काय करू, असे विचारल्यावर, मी माझ्या लोकांत सुखाने राहते, असे म्हणून ती काहीच मागत नाही. तरीही तिला सारेसारखाच, जवळपास त्याच शब्दांत, पुढच्या वर्षी मुलगा होईल असा शब्द मिळतो. ती म्हणते, आपल्या दासीला फसवू नका. मुलगा होतो, मोठा होतो आणि एक दिवस डोके दुखून तिच्या मांडीवर मरतो. ती गाढवावर बसून अलीशाला गाठते, त्याचे पाय धरते आणि विचारते, ‘मी मुलगा मागितला होता काय? मला फसवू नका असे मी म्हटले नव्हते काय?’ मूल पुढे जिवंत होते, पण त्याआधी बायबलने तिची ही फिर्याद जशीच्या तशी नोंदवून ठेवली आहे. शब्द देणाऱ्याला जाब विचारणे हाही त्या शब्दाला धरून राहण्याचाच प्रकार आहे, असे तिच्याकडे पाहून म्हणावेसे वाटते.

नव्या करारात ‘आतिथ्य’ यासाठी असलेल्या ग्रीक शब्दाचा अर्थ शब्दशः ‘परक्यावरील प्रेम’ असा आहे. ‘मी परका होतो आणि तुम्ही मला घरात घेतले’ हे मत्तयाच्या २५ व्या अध्यायातले येशूचे बोल प्रसिद्ध आहेत; त्यात नीतिमान लोक चकित होऊन विचारतात की, असे आम्ही कधी केले, म्हणजे त्यांनाही पाहुणा कोण हे माहीत नव्हते. लूकच्या २४ व्या अध्यायात अम्माऊसच्या वाटेवर दोन शिष्यांना भेटलेला परका माणूस त्यांच्याबरोबर कित्येक मैल चालतो, बोलतो, आणि तरी ते त्याला ओळखत नाहीत. दिवस कलला आहे, आमच्याबरोबर राहा, असा आग्रह करून ते त्याला घरात घेतात, तो भाकर मोडतो आणि तेव्हा कोठे त्यांचे डोळे उघडतात. त्यांनी त्याला पुढे जाऊ दिले असते तर तो परकाच राहिला असता. आरंभीच्या मंडळ्यांना या आतिथ्याचा व्यावहारिक त्रासही झाला, कारण फुकट खाणारे येऊ लागले. दिदाखे या प्राचीन ख्रिस्ती पुस्तिकेत म्हणून सांगितले आहे की, आलेल्या प्रेषिताने एक दिवस, गरज पडल्यास दोन दिवस राहावे. तिसऱ्या दिवशीही राहिला तर तो खोटा संदेष्टा समजावा. परक्यासाठी दार उघडा म्हणणारे लोक भाबडे नव्हते.

मम्रेच्या दुपारची आठवण ठेवून इब्री लोकांस पत्राचा लेखक १३ व्या अध्यायात लिहितो की, अतिथिप्रेम विसरू नका, कारण तसे करताना कित्येकांनी नकळत देवदूतांचा पाहुणचार केला. त्याच लेखकाने दोन अध्याय आधी अब्राहाम, सारा आणि इतरांविषयी एक फार प्रामाणिक वाक्य लिहिले आहे, ते असे की, हे सर्व जण अभिवचनांची फळे हाती न येता विश्वासात मेले. त्यांनी ती दुरून पाहिली, त्यांना नमस्कार केला आणि आपण पृथ्वीवर परके व प्रवासी आहोत असे कबूल केले.

ती कबुली उत्पत्तीच्या २३ व्या अध्यायात आहे. सारा १२७ वर्षांची होऊन मरते. सगळ्या कनान देशाचा शब्द ज्याला मिळाला आहे त्या अब्राहामाजवळ बायकोला पुरण्यापुरतीही जमीन नाही. तो तेथल्या हित्ती लोकांपुढे उभा राहून म्हणतो, मी तुमच्यामध्ये परका आणि उपरी आहे, मला कबरेपुरती जागा विकत द्या. आमच्यातली हवी ती कबर घे, असे ते म्हणतात. त्यांच्यातला एफ्रोन, ज्याचे शेत अब्राहामाला हवे आहे, तो तर ते फुकट देऊ करतो आणि जाता जाता त्याची किंमतही सांगून ठेवतो. अब्राहाम फुकट घेत नाही. तो सर्वांच्या देखत ४०० शेकेल रुपे तोलून देतो आणि मखपेलाचे शेत, त्यातली गुहा आणि त्याच्या हद्दीतली सर्व झाडे त्याच्या नावावर होतात. वचनदत्त देशातली त्याची पहिली जमीन ही अशी, कबरेची, पुरी किंमत मोजून घेतलेली. ते शेत मम्रेच्या समोर होते, असे निवेदकाने त्या अध्यायात दोनदा लिहिले आहे. ज्या झाडाखाली ते तिघे जेवले आणि ज्या दाराआड सारा हसली, त्याच्या समोरच तिला पुरले.